आमची वाटचाल : सातबाऱ्यावरच्या अकरा नावांपासून

देवगडात आम्ही तिघे आंबा बागायतदारांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. पेट्या किती गेल्या, वाशीहून पट्टी कितीची आली, राखणदाराला उचल किती दिली, असा सगळा मामला. या पावसाळ्यात आम्ही त्याहून वेगळं काम लोकांसमोर ठेवलं: डेटाबेसचा, म्हणजे माहिती ठेवायच्या तक्त्यांचा, आराखडा चित्र काढून तयार करायचं साधन. सध्या चाचणी आवृत्ती आहे आणि सोर्स कोड सर्वांना खुला आहे.

याचं मूळ एका कागदात आहे. तक्त्यांचे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा छापून आम्ही एका बागायतदार काकांकडे गेलो होतो. 'बाग' आणि 'मालक' यांच्यामधल्या रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले, "बाग काय माजी एकट्याची हा? सातबाऱ्यार अकरा नावां आसत." आम्ही एका बागेला एकच मालक धरला होता. कोकणात सामाईक जमीन घरोघरी. एका बागेत अनेकांचे वाटे आणि एकाचे वाटे अनेक बागांत. मग मधे 'हिस्सा' हा तिसरा तक्ता आला. कागदावर ते काम तासाभराचं होतं. तीच चूक भर हंगामात सापडली असती तर मुंबईच्या भावांचे पैसेसुद्धा काकांच्याच नावावर दिसले असते.

वस्तू आणि त्यांची नाती चित्रात मांडायची ही पद्धत पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडली. मायएसक्यूएल वर्कबेंच, पीजीमॉडेलर ही तयार साधनं खुली आहेत, चांगली आहेत, आम्ही त्यांवरच शिकलो. पण आम्हाला काकांना वाचता येईल असं मराठी चित्र हवं होतं आणि त्याच चित्रातून मायएसक्यूएल व पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेस प्रणालींसाठी एसक्यूएल, म्हणजे तक्ते तयार करायच्या आज्ञांची भाषा, हवं होतं.

मराठी नावांनीच आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं. 'बागायतदाराच्या_हिश्श्याची_रक्कम' आणि 'बागायतदाराच्या_हिश्श्याची_तारीख' हे एकाच तक्त्यातले दोन रकाने. मायएसक्यूएलमध्ये बिनतक्रार तयार झाले. पोस्टग्रेस मात्र एकच रकाना दोनदा दिलाय म्हणून अडून बसलं. दोन दिवस आम्ही आमच्याच कोडमध्ये चूक शोधत होतो. मायएसक्यूएल नावाची ६४ अक्षरं मोजतं. पोस्टग्रेस ६३ बाइट, म्हणजे संगणकातली साठवणुकीची जागा, मोजतं आणि पुढचं छाटून टाकतं. युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना, वेलांटी आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. म्हणजे हाताशी जेमतेम २१ चिन्हं. आमची दोन्ही नावं 'हिश्श्'पाशी तुटून एकसारखी झाली होती. आता नाव लांबलं की चौकोन लाल होतो आणि नाव नेमकं कुठे तुटेल तेही दिसतं. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण मराठीत नाव देणाऱ्या माणसाला इंग्रजीकडे वळायची गरज पडू नये.

आपोआप जतन होण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवली. पावसात इथे लाइटचा भरवसा नसतो.

जीपीएल ३ हा खुल्या कोडचा परवाना घेतला. कोणी बदल करून साधन पुढे वाटलं तर त्याचा कोडही द्यावा लागेल. आम्हाला लोकांच्या खुल्या कोडमधून मिळालं, ते तसंच पुढे जावं.

अजून बरंच अपुरं आहे. चालू डेटाबेस वाचून चित्र काढणं फक्त मायएसक्यूएलसाठी जमतं, आणि तक्ते वाढले की रेघा एकमेकींवर चढतात. म्हणून चालत्या धंद्याच्या डेटाबेसवर तयार झालेलं एसक्यूएल थेट चालवू नका, आधी प्रतीवर चालवा. चूक दिसली तर आराखड्याची फाइल आम्हाला पाठवा. आतली खरी माहिती नको, नुसते तक्ते पुरेत. पहिली फाइल आली ती काजू कारखान्याच्या हिशोबाची. तिच्यातल्या रेघा सोडवायचं काम सध्या चालू आहे.