चिकनगुनियानेच झालं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीत, बागेची औषधं घ्यायला गेलो की दुकानात, मखमलाबादला चहा पिताना, माझी संधिवाताने धरलेली बोटं बघून कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, तुम्हाला तो चिकनगुनियाच नडला ना?" हो म्हटलं की विषय संपतो. तरी मी हो म्हणत नाही.

झालं असं की पावसाळ्यात ताप आला, घोटे सुजले, अंगावर पुरळ उठलं. आळीत घरोघरी तेच होतं. बाकीचे हळूहळू हिंडूफिरू लागले, माझी बोटं मात्र ऑक्टोबर छाटणीला कात्रीवर मिटेनात. सकाळी उठल्यावर तासभर तर शर्टाची बटणंही लागत नसत. तपासण्या झाल्या, रक्तात अँटी-सीसीपी, म्हणजे आपल्याच शरीरावर उलटणारी प्रतिपिंडं, भरपूर वाढलेलं निघालं आणि संधिवाताच्या डॉक्टरांनी र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस सांगितला, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उठते तो संधिवात.

आता गोम इथे आहे. चिकनगुनियाने सांधे महिनोन्‌महिने दुखतात, काहींचे वर्षानुवर्षंही दुखतात. पण नुसत्या चिकनगुनियात अँटी-सीसीपी सहसा वाढत नाही. उलट र्‍हुमॅटॉइडच्या पेशंटांत ही प्रतिपिंडं पहिला सांधा सुजायच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात. म्हणजे डास चावला तेव्हा माझ्या शरीरात आतल्या आत काही सुरू झालेलंही असेल. तापाने ते लवकर वर आणलं असेल, इतपत मी मानतो. त्यापुढे बोट दाखवायला माझ्याकडे पुरावा नाही.

मग जंतूंचा आणि अशा आजारांचा काही संबंधच नाही का? आहे, आणि काही ठिकाणी तर अगदी पक्का आहे. माझ्या आत्याचंच घ्या. लहानपणी घसा सुजला, दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरले, आणि पुढे बाळंतपणात कळलं की हृदयाची झडप आखडली आहे. संधिवाताचा ताप म्हणतात तो हाच. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. शरीर जंतूवर सोडायची प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच झडपेवरही जातात. इथे गुन्हेगार माहीत आहे, म्हणून उपायही आहे: घसा वेळेत पेनिसिलिनने बरा करायचा, आणि एकदा हा ताप येऊन गेलेल्या पोराला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. आत्याच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही.

पुण्याचं तर ताजंच आहे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गीयाँ-बारेचे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उठते त्या आजाराचे, पेशंट अचानक वाढले, आकडा दोनशेच्या घरात गेला. आधी जुलाब, मग पायातलं बळ जायचं. काही जणांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. या जंतूच्या आवरणावरची साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी असते, म्हणून मार नसांवर बसतो. पण हा जंतू पोटात जाऊनही बहुतेक लोक नुसत्या जुलाबावर सुटतात, हेही लक्षात घ्या.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उठते त्या आजारात, लागण होणं आणि आजार होणं यातला फरक आणखी मोठा दिसतो. 2022 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त जणांच्या नोंदींवरून निघालं की एपस्टाईन-बार विषाणूची लागण झाल्यावर या आजाराचा धोका 32 पट वाढतो. वाचून धडकी भरते. पण हा विषाणू जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात असतोच, आणि आजार होतो फारच थोड्यांना.

आम्हा द्राक्षवाल्यांना हे समजायला जड जाऊ नये. डावणी या द्राक्षावरच्या बुरशीसारख्या रोगाचे बीजाणू बागेत असतातच. पोंगा फुटून कोवळी फूट निघाली आणि नेमका तेव्हा पाऊस लागला, तर डावणी येते. त्यातही वाण नाजूक असेल तर विचारूच नका. माणसात वाणाच्या जागी जनुकं घ्या, आणि पावसाच्या जागी कुठे संसर्ग, कुठे हिरड्यांचा जुना रोग, कुठे तंबाखूचा धूर. सिगारेटने अँटी-सीसीपीवाल्या र्‍हुमॅटॉइडचा धोका वाढतो, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. मी तरुणपणापासून ओढत होतो. पण "भाऊ, सिगारेटने झालं का?" असं मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. डासावर ढकलणं सोयीचं पडतं.

एवढं फोडून सांगतो, कारण त्या प्रश्नाला शेपूट असतं. "मग विषाणू अंगात मुरलाय, तो काढून टाका. रक्त शुद्ध करून घ्या. एक अँटिबायोटिकचा कोर्स मारा." अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही. आणि माझा त्रास आज कुठल्या विषाणूमुळे नाही, माझीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उठली आहे. मेथोट्रेक्सेट हे औषध तिला आवरतं; आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून घरात पोरांनाही तो वार पाठ आहे. एका शेजाऱ्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून मधेच गोळ्या सोडल्या आणि द्राक्षं उतरवायच्या ऐन वेळी त्याचे गुडघे सुजून बसले.

तेव्हा चिकनगुनिया होऊन तीन महिने उलटले, तरी सकाळी हात तासभर आखडत असतील, बोटांची पेरं सुजलेली असतील, तर मेडिकलवाल्याकडून वेदनाशामक आणि स्टिरॉइडच्या पुड्या आणत बसू नका. अँटी-सीसीपी करून घ्या आणि संधिवाततज्ज्ञ गाठा. हाडं झिजायची ती पहिल्या एक-दोन वर्षांतच जोरात झिजतात.