सिस्टर, टोमॅटोला पेरॉक्साइड किती घालू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहून टाकते एकदाचं, नाहीतर प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून माझा घसा बसायची वेळ आलीय. प्रश्न ठरलेला. "सिस्टर, टोमॅटोला हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेलं चांगलं म्हणे, किती घालायचं?" घालू का असं कोणी विचारत नाही हां, किती घालू तेच विचारतात, म्हणजे बाटली आणून झालेली असते. २६ वर्षं मी ड्रेसिंग रूममध्ये काढली आणि रिटायर झाल्यापासून रत्नागिरीत घरामागच्या परसात नि गच्चीवर मिळून दरवर्षी तीसेक टोमॅटो लावते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं औषध पण हिलाच विचारा आणि झाड पण हिलाच विचारा.

तर आधी उत्तर सांगते. कात्रीला लावा, रोपांचे ट्रे धुवा, घरच्या बियांना हवं तर लावा. मातीत ओतू नका. ज्यांना एवढंच हवं होतं ते गेले तरी चालेल, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

सगळा घोळ त्या फेसाचा आहे. आमच्याकडे पूर्वी जखम आली की पेरॉक्साइड ओतायचं हा शिरस्ताच होता, बाइकवरून पडलेला गुडघा असो की विळ्याने कापलेलं बोट, ओतलं की फस्सकन पांढरा फेस यायचा आणि पेशंटबरोबर आलेली माणसं खूश, "बघा, घाण कशी निघतेय." मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग एक नवीन सर्जन आले, त्यांनी सांगितलं सिस्टर उद्यापासून रोजच्या ड्रेसिंगला सलाइन, हे बंद. का, तर फेस हा घाणीचा नसतोच. आपल्या रक्तात, पेशींत कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड दिसलं की फोडतं, पाणी वेगळं नि ऑक्सिजन वेगळा, आणि तो ऑक्सिजन बुडबुडे करून बाहेर येतो. जखम स्वच्छ असली तरी फेस येणारच. वर नवीन भरून येणाऱ्या पेशींनाही ते भाजतं, म्हणजे जखम उलट उशिरा भरायची.

पटत नसेल तर घरी बघा. कच्चा बटाटा कापा, ताज्या कापेवर चमचाभर पेरॉक्साइड टाका. क्षणात कडेने बारीक बारीक बुडबुडे धरतात, मग सगळी काप साबण लावल्यासारखी पांढरी होते. आता सांगा, बटाट्याला कुठला रोग झाला होता? दुसरी काप उकडून गार करा आणि तिच्यावर टाका. काही नाही, ढिम्म. उकडल्यावर एन्झाइम मेलं, फेस संपला. आमच्या शेजारच्या काकांना मी ओट्यावर हे करून दाखवलं तेव्हा ते पाच मिनिटं गप्प होते आणि काका पाच मिनिटं गप्प राहणं ही सोपी गोष्ट नाही.

आता हेच मातीत. आपण कुंडीत काय भरतो? शेणखत, गांडूळखत, कोकोपीट, सुका पाला. म्हणजे सेंद्रिय पदार्थ ठासून आणि त्यात कोट्यवधी जिवाणू, बहुतेकांकडे ते एन्झाइम. ओतलंत की वरच्या दोन-तीन बोटांतच बहुतेक सगळं फसफसून संपतं, मुळांपाशी पोचतंय काय. मी पहिल्या वर्षी केलंय हे. रोपं कोलमडायला लागली होती, मानेशी बारीक होऊन आडवी पडत होती, आणि मी हॉस्पिटलच्या सवयीने ६ टक्क्यांची बाटली तशीच पाणी न घालता कुंडीत ओतली. फेस असा काय आला, मला वाटलं जिंकलो. तेवढ्यात दोन गांडुळं वर आली आणि वळवळायला लागली, तेव्हा पोटात धस्स झालं, पटकन उचलून केळीच्या बुडाशी ठेवली. बरं, आठच दिवसांपूर्वी त्याच कुंड्यांत मी विकतची ट्रायकोडर्मा घातली होती. ट्रायकोडर्मा म्हणजे रोगट बुरशीला खाणारी चांगली बुरशी, पेरॉक्साइड काय तिला ओळखपत्र विचारणार आहे का, जी भेटली तिला त्याने भाजलं. एका हाताने पैसे टाकले नि दुसऱ्या हाताने धुऊन काढले. रोपं वाचली नाहीत ती नाहीतच. पुढच्या वेळी ट्रे उन्हात ठेवला, पाणी निम्मं केलं, बिया विरळ टाकल्या, एकही रोप कोलमडलं नाही.

मग लोक म्हणतात की ते मारायला नाही हो, मुळांना ऑक्सिजन मिळावा म्हणून. ठीक आहे, हिशेब करू. आपल्याकडे केमिस्टकडे जी बाटली मिळते ती बहुतेक ६ टक्क्यांची असते, लेबलवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १ मिलीमधून २० मिली ऑक्सिजन निघतो. तुम्ही लिटरभर पाण्यात दोन चमचे म्हणजे १० मिली घातलंत, तर सगळा मिळून २०० मिली ऑक्सिजन, त्यातला अर्धाअधिक वरच्या वर उडाला. आता २० लिटरची ग्रोबॅग घ्या, माती भुसभुशीत असेल तर तिच्यात पाचवा हिस्सा तरी हवा असते, म्हणजे ४ लिटर, आणि हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे ८०० मिलीच्या वर झाला की नाही? तोही फुकट, आणि आपोआप बदलत राहणारा. बॅगेच्या तळाला भोकं नसतील आणि पाणी तुंबून वास येत असेल तर बाटलीभर ओतून दोन तासांनी परत तेच. भोकं पाडा. खिळा गरम करा नि चार भोकं पाडा, झालं.

हा सल्ला मुळात आला कुठून, तर माझ्या मते हायड्रोपोनिक्सवाल्यांकडून. त्यांच्याकडे माती नसते, मुळं पाण्यात लोंबकळत असतात, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, शेवाळ धरतं, तिथे मोजून मापून थोडं पेरॉक्साइड घालण्यात अर्थ आहे. ते बघून आपण शेणखताच्या कुंडीत ओततो.

आता रोगांचं. मला येणारे निम्मे फोटो हे टोमॅटोच्या बुडाला काळा चपटा डाग पडलेले असतात, खाली "बुरशी आलीय, पेरॉक्साइड मारू का?" अहो ती बुरशी नाही. फळाला कॅल्शियम पोचलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम नसतं असंही नाही, पाणी एक दिवस धो धो नि तीन दिवस कोरडं असं झालं की ते फळापर्यंत जात नाही. रोज ठरल्या वेळी पाणी घाला, बुडाशी पाला पसरा, पुढची फळं चांगली येतात. काळी झालेली परत लाल होणार नाहीत तेवढं सोडा.

पानांवर गोल गोल रिंगा पडतात ना, ओंडका कापल्यावर दिसतात तशा, खालच्या पानापासून सुरू होऊन वर चढतात, तो करपा. तिथे पेरॉक्साइड फवारून वरचे बीजाणू काही मरतीलही पण बुरशी पानाच्या आत शिरलेली असते आणि पेरॉक्साइड तासाभरात पाणी होऊन जातं, उद्या वाऱ्याने नवीन बीजाणू आले की रान मोकळं. तांब्याचं औषध पानावर थर करून बसतं म्हणून ते उपयोगी, हे नाही. खालची पानं काढून टाका, मातीचे शिंतोडे पानावर उडू देऊ नका. वर सांगितलेल्या काकांनीच एकदा दुपारी १२ च्या उन्हात निम्मं पाणी घालून फवारलं होतं, दुसऱ्या दिवशी पानांवर पांढरट भाजलेले ठिपके, कागदासारखे पातळ, बोट लावलं तर भोक. काका म्हणाले, "करपा गेला बघ." गेला खरा, पान पण गेलं. आणि चुरडामुरडा असेल, पानं वळून बारीक झाली असतील, तर तो व्हायरस, पांढऱ्या माशीने आणलेला, त्याला वरून काहीही ओता, फरक शून्य.

आम्हा कोकणवाल्यांचं खरं दुखणं मात्र वेगळंच आहे. झाड हिरवंगार, फुलं लागलेली, आणि एका दुपारी मान टाकतं. संध्याकाळी परत उभं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून पाणी घालतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठतच नाही, पान पिवळंसुद्धा होत नाही, हिरवंच्या हिरवं मरतं. ही जिवाणूची मर. ओळखायची कशी ते सांगते, माझी आवडती टेस्ट आहे. बुडाजवळचा खोडाचा बोटभर तुकडा तिरका कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकडा कापलेली बाजू खाली करून पाण्यात लटकवत धरा. हलवू नका. दोन-तीन मिनिटांत कापल्या जागेतून दुधाचा धागा सुटावा तशी पांढरी बारीक रेघ खाली उतरायला लागते, सरळ, सावकाश. ते सगळे जिवाणू. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, इतकं पू सुटल्यासारखं दिसतं. आता मला सांगा, हे पाणी वाहणाऱ्या नळ्यांत आत भरलंय, आणि तुम्ही वरून मातीत फेस काढताय. झाड उपटा, मुळासकट, खताच्या खड्ड्यात टाकू नका, आणि त्या जागी पुढची काही वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काही नको. मी आता ग्रोबॅगमध्ये लावते किंवा वांग्याच्या मुळावर कलम केलेली रोपं आणते. बेंगळुरूच्या आयआयएचआर या फळं-भाज्यांच्या संशोधन संस्थेचं अर्का रक्षक हे वाणही या मरीला दाद देत नाही, माझ्याकडे दोन सीझन चांगलं गेलं.

बाटली आणलीच आहे म्हणता, तर मी कशी वापरते ते ऐका. ६ टक्केवाल्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के झालं. जुने ट्रे आणि कात्री आधी साबणाने घासायची, माती चिकटलेली असेल तर सगळं औषध त्या मातीवरच खर्च होतं, मग हे लावून दहा मिनिटं ठेवायचं. घरच्या गावठी टोमॅटोचं बी धरलं तर गर दोन दिवस आंबवून, धुऊन, मग ३ टक्क्यांत दहा मिनिटं आणि परत साध्या पाण्याने धुवायचं. बियांच्या आतला जिवाणू मात्र याने जात नाही, त्याला ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं हाच उपाय, थर्मामीटर असेल तरच करा, अंदाजाने कराल तर बी शिजेल. पाकिटातलं गुलाबी रंग लावलेलं बी असेल तर काहीच करू नका, त्याला कंपनीनेच औषध लावलेलं असतं.

आणि एक, हे रागावून सांगते. कोळंबीच्या तळ्यांवर वापरतात तो ५० टक्क्यांचा कॅन कोणी "स्वस्तात मिळाला" म्हणून घरी आणू नका. थेंब उडाला तरी कातडी पांढरी पडते आणि आग होते, डोळ्यात गेला तर विचारू नका. पाण्याच्या बाटलीत काढून घट्ट झाकण लावून ठेवाल तर आत गॅस धरून बाटली फुगते. केमिस्टचं आहे ते बास आहे, तेही त्याच्याच बाटलीत, अंधारात.

काका परवा परत आले, हातात अर्धी बाटली, दोन वर्षांपूर्वीची. म्हणे आता हिचं काय करू. म्हटलं आधी बटाट्यावर थेंब टाकून बघा जिवंत आहे का. टाकला, जेमतेम चार बुडबुडे आले. मग नातवाच्या शाळेच्या शर्टावर घोळणा फुटून रक्ताचे डाग पडले होते ते आठवलं त्यांना, तिथे ओतली सगळी. डाग बऱ्यापैकी गेला म्हणे.