दारोदार कशाला फिरता?

लोकसंख्येच्या पाहण्यांचं काम करते म्हटलं की ठाण्यात हमखास एकच प्रश्न येतो. "आधार आहे, मोबाइल आहे, सगळा डेटा सरकारकडे आहेच. मग तुम्ही अजून दारोदार कशाला फिरता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधार काय किंवा सिमकार्ड काय, त्या नोंदी वेगळ्याच कामासाठी झालेल्या असतात. एकाच्या खिशात दोन सिम, त्याच घरातल्या आजीच्या नावावर एकही नाही. आधारवरचा पत्ता गावचा. तुर्भे स्टोअर्सला एका खोलीत सहा पुरुष, तिघं दिवसपाळीला, तिघं रात्रपाळीला, जेवण खानावळीच्या डब्याचं. एका चुलीवर जेवतात ते कुटुंब, अशी आमची व्याख्या. इथे चूलच नाही. हे एक कुटुंब धरायचं की सहा, ते विचारपूस केल्यावरच ठरतं.

शिवाय कुठलीही टक्केवारी काढायची तर छेदात काहीतरी लागतं. तिथे अजूनही 2011 ची जनगणना बसलेली आहे. तेव्हाचा ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाखांचा, देशात सर्वांत मोठा. 2014 मध्ये त्यातून पालघर निघालं. घोडबंदर रोडचे कितीतरी टॉवर त्यानंतरचे. म्हणून मोठ्या पाहणीत मुलाखतींआधी निवडलेल्या भागाचा नकाशा काढून घरांची यादी करावी लागते. आम्ही त्याला लिस्टिंग म्हणतो. कंटाळवाणं काम, पण सगळी मदार त्याच्यावर.

साधनं बदलली, हे खरंच. देवनारच्या आयआयपीएसची, म्हणजे लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 1992-93 मध्ये कागदावर झाली, 2015-16 पर्यंत सगळं संगणकावर आलं. संगणक विसंगत उत्तर लगेच पकडतो. पण "वय किती?" विचारल्यावर "लिहा पस्तीस-चाळीस" म्हणणाऱ्या मावशींपुढे त्याचं काही चालत नाही. शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांचे ढीग किती साचलेत, हे मोजायला व्हिपल निर्देशांक आहे, ते ढीग दारात फोडायला मात्र "26 जुलैच्या पावसात हा अंगावर पीत होता का?" असंच विचारावं लागतं. मुलाखत घेणारेही कमी नसतात. पाच वर्षांखालच्या मुलाचे प्रश्न लांबलचक, म्हणून मूल हळूच सहा वर्षांचं करून टाकायचं, ही खोड कागदाच्या काळातली. टॅबलेट आला तरी पुरती गेलेली नाही.

खरा बदल, माझ्या मते, कोणाला काय विचारायचं यात झाला. साठच्या दशकातल्या पाहण्यांना जाणून घ्यायचं असायचं की बाईला कुटुंबनियोजन माहीत आहे का, पटतं का, करते का. मागे किती जणांना कुटुंबनियोजन करायला लावायचं याची सरकारी उद्दिष्टं उभी असायची. 1994 ची लोकसंख्येवरची कैरो परिषद झाली, 1996 मध्ये आपल्याकडे ती उद्दिष्टं काढली, आणि प्रश्नावलीचा रोख हळूहळू बाईच्या आरोग्याकडे, तिच्या मर्जीकडे वळला. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पुरुषही आले आणि घरातल्या मारहाणीचे प्रश्न विस्ताराने आले. हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारायचे आणि तेही एकांतात, असा नियम. किसननगरच्या दहा बाय बाराच्या खोलीत एकांत कुठून आणायचा? सासूबाई आत आल्या की प्रश्न सोडून बाळाच्या लसींवर यायचं, त्या पाण्याला गेल्या की परत मागे. नाहीच जमलं तर तो भाग कोराच ठेवायचा. हे ओळखायला समोर माणूस बसलेला लागतो.

आता एक गंमत सांगते. किसननगरला दार बहुधा उघडंच असतं. अडतं ते टॉवरच्या गेटवर. वॉचमन इंटरकॉम लावतो, वरून "नको" येतं, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाही तेच, आणि ते घर 'मुलाखत झाली नाही' या रकान्यात जातं. दारोदार कशाला फिरता, हे मला विचारणारे बहुतेक त्याच मजल्यांवर राहतात.