बाल्कनी टब लॉग, तिसरा महिना: हळद-चुन्याचे चौकोन आणि गुलाबी डॅफ्निया

मंडळी, मागच्या महिन्यात काहीच टाकलं नाही कारण टाकण्यासारखं काही घडलंच नव्हतं, टब हिरवागार झालेला आणि मी ऑफिसात अडकलेलो. या महिन्यात मात्र सगळं एकदम झालं.

आधी वाईट बातमी. गेल्या रविवारी सकाळी सहाला बाल्कनीत गेलो तर सगळ्या गप्पी (टबातले छोटे मासे) वरती, तोंडं पाण्याच्या सपाटीला लावून चुपुक चुपुक करतायत, दोन माद्या मेलेल्या. चूक माझीच. हायड्रिला (पाण्यात वाढणारी वनस्पती) खच्चून भरून ठेवलेली, ती दिवसा ऑक्सिजन सोडते पण रात्री स्वतःच ओढत बसते, आणि वर एप्रिलचं कोमट पाणी. २० डिग्रीला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला जेमतेम साडेसात. लिटरभर हवेत याच्या पस्तीसेक पट असतो, म्हणजे मासे मुळातच काटकसरीत जगतात. पण गंमत बघा, त्याच पाण्यात हायड्रा (पोकळ नळीसारखे बारीक जीव) निवांत लोंबकळतायत आणि प्लॅनेरिया (चपटे किडे) टबाच्या कडेवरून आरामात सरकतायत. त्यांना काहीच कसं होत नाही, हे डोक्यातून जाईना.

म्हणून स्वयंपाकघरात एक प्रयोग केला. चायना ग्रास शिजवून त्यात हळद आणि पानाच्या चुन्याची निवळी घातली की मस्त कुंकवासारखा लाल रंग येतो. पहिला घाणा वाया गेला, कारण उकळत्यातच निवळी ओतली आणि रंग तपकिरी पडला, तर कोमट झाल्यावरच घाला आणि लगेच वापरा. घट्ट झाल्यावर १, २ आणि ३ सेंमीचे चौकोनी तुकडे कापले आणि व्हिनेगरमध्ये बुडवले. आंबट आत शिरेल तसा लाल रंग पिवळा होत जातो, बाहेरून आत सरकणारी कड नुसत्या डोळ्यांना दिसते. १ सेंमीचा तुकडा पंचवीसेक मिनिटांत आरपार पिवळा. मला वाटलं २ सेंमीवाला पन्नास मिनिटं घेईल, त्याने घेतला पावणेदोन तास!! ३ सेंमीवाला जेवण करून, भांडी घासून आलो तरी मध्ये डाग होताच (तोवर तो लाल राहिला नव्हता, मळकट तपकिरी, पण कड कळत होती), जवळजवळ चार तास लागले. म्हणजे अंतर दुप्पट तर वेळ चौपट, तिप्पट तर नऊपट.

ऑक्सिजनचंही असंच. पाण्यातून नुसता पसरत १ मिलिमीटर आत जायला त्याला चारेक मिनिटं लागतात, १ सेंटिमीटरला सात तास. शिवाय आकार वाढला की पोट वाढतं पण त्या मानाने कातडी वाढत नाही. १ सेंमीच्या तुकड्याला दर घन सेंमीमागे ६ चौरस सेंमी पृष्ठभाग, २ सेंमीच्याला ३, आणि १० सेंमीचा केला तर ०.६. ऑगस्ट क्रोग नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने (१९२० चं नोबेल) हिशोब मांडला होता की नुसत्या पसरण्यावर साधारण मिलिमीटरभर जाडीपर्यंतच भागतं. आता हायड्रा बघा, पेशींचे दोन थर आणि आत पोकळी, सगळ्या पेशी पाण्याला लागूनच. प्लॅनेरिया लांबीला सेंटिमीटरभर पण पोळीसारखा चपटा. त्याला कल्ले कशाला हवेत?

गप्पी मात्र जाड, तिला कातडी पुरत नाही, म्हणून तिने पृष्ठभाग घड्या घालून कल्ल्यांत कोंबलाय, आणि पाणी एका दिशेने तर पातळ पडद्याआडचं रक्त उलट दिशेने वाहतं, त्यामुळे शेवटपर्यंत रक्तापेक्षा पाण्यातच ऑक्सिजन जास्त राहतो आणि तो आत येत राहतो. आपलंही तेच, कातडी जेमतेम दोन चौरस मीटर आणि फुफ्फुसांचा आतला पृष्ठभाग साधारण ७०. फायटर मासा वेगळ्या बाटलीत आहे, त्याला डोक्यात हवा भरायचा अवयव आहे, तो वर येऊन घोट घेतो आणि तुमच्या एअर पंपाला विचारत नाही.

सगळ्यात भारी मात्र डासाची अळी. (जाळीचं झाकण आहे, आईला आधीच सांगितलंय, कृपया इथे डेंग्यूवर भाषण नको.) फोल्डस्कोपला (कागदी घडीच्या सूक्ष्मदर्शकाला) मोबाईल लावून बघितलं तर शेपटीच्या नळीपासून दोन चंदेरी दोऱ्या अंगभर गेलेल्या, त्यांना बारीक बारीक फांद्या. त्या हवेच्या नळ्या! ऑक्सिजन रक्तातून नाही, नळीनळीने थेट पेशीपर्यंत पोचवतात. अळी उलटी लटकून नळीचं टोक सपाटीला लावते, म्हणून तर गटारात तेल मारतात, टोक बुडालं की खेळ खलास. नाकतोड्यासारखे मोठे किडे पोट हलवून हवा पंप करतात, नुसतं पसरण्यावर त्यांचंही भागत नाही.

आणि आता डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक कवचधारी जीव. मी बरणीत यीस्ट जास्त टाकलं, पाणी दुधी झालं, ऑक्सिजन घसरला असणार, आणि आठवड्याभरात सगळी बरणी गुलाबी! हे प्राणी ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिन जास्त बनवतात हे वाचलं होतं, पण स्वतःच्या बरणीत बघणं वेगळंच. ड्रॉपरने एक उचलून पांढऱ्या बशीत ठेवली तर पारदर्शक अंगात हृदय टकटक करताना दिसतं आणि भोवतीचं रक्त फिकट सरबतासारखं.

रविवारपासून निम्मी हायड्रिला काढली, गप्पींच्या टबात रात्री पंप चालू. डॅफ्नियाची एक बरणी पंपावर टाकलीये, दुसरी तशीच. पाच दिवस झाले, पंपावरच्या मोठ्या अजून गुलाबीच आहेत, पण काल दिसलेली पिल्लं मला फिकी वाटली. कुणी हे आधी केलं असेल तर रंग उतरायला किती दिवस लागले ते सांगा.