आमची वाटचाल : नवतपा सोसणारं मशीन

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर वर 'रेडिओ-टीव्ही दुरुस्ती' असं लिहिलंय आणि खाली नंतर रंगवलेल्या अक्षरांत 'कॉम्प्युटर'. वरची ओळ बाबांची, खालची माझी. बारावीनंतर मी बाबांच्या शेजारी बसून सोल्डरिंग शिकले, पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि २००९ साली असेंबल केलेले कॉम्प्युटर विकायला लागले. दुपारी बर्डीच्या बाजारातून पार्ट आणायचे, रात्री जोडायचे, सकाळी गिऱ्हाइकाच्या घरी लावून द्यायचे. पहिली काही वर्षं सगळी गिऱ्हाइकं ऑफिसांची आणि एमएस-सीआयटीच्या केंद्रांची होती. त्या मशीनवर फार ताण नसायचा. चालू झालं, टायपिंग झालं, प्रिंट निघाली, की काम संपलं.

गेमिंगचं पहिलं मोठं काम २०१६ च्या हिवाळ्यात आलं. प्रतापनगरात खोली घेऊन राहणारी इंजिनीअरिंगची पाच मुलं, पाच मशीन. आम्ही आनंदात होतो. प्रोसेसर चांगला, ग्राफिक कार्ड चांगलं, बाकी नेहमीचं. त्या काळी कॅबिनेटसोबतच एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, यायचा. त्यावर '५०० वॅट' छापलेलं असायचं आणि आम्ही ते वाचून पुढे जायचो.

मे महिन्यात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला. गच्चीखालची खोली, पारा ४५ च्या वर. तिसऱ्या दिवशी एक मुलगा मशीन स्कूटरवर घेऊन आला. आवाज झाला, धूर निघाला, बंद पडलं. त्याच आठवड्यात दुसरं आलं. त्यातल्या एसएमपीएसने जाताना मदरबोर्ड आणि ग्राफिक कार्डही सोबत नेलं. मुलांनी वर्षभर पैसे साठवून घेतलेली मशीन होती ती. आम्ही दोन्ही आमच्या खर्चाने उभी केली आणि उरलेल्या तिघांचे एसएमपीएस न मागता बदलून दिले. त्या वर्षीची दिवाळी हातउसने घेऊन झाली, पण मला तो पैसा गेल्याचं दुःख नाही. दुःख होतं ते आपण न पाहता दिलं याचं.

बाबांनी तो जळका डबा उघडून टेबलावर ठेवला. आतल्या कंडेन्सरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची, डोकी फुगली होती. 'बेटा, याच्यावर ८५ अंश लिहिलं आहे, तेवढीच गरमी सोसतात हे. टीव्हीतसुद्धा उन्हाळ्यात हेच मरत होते,' ते म्हणाले. मग स्टिकर दाखवला. १२ व्होल्टच्या लाइनवर १७ अँपिअर. गुणाकार केला तर २०४ वॅट. ग्राफिक कार्डला एकट्याला १२० लागत होते, प्रोसेसरला ८०-९०. या दोघांना वीज जाते ती १२ व्होल्टवरूनच. म्हणजे ५०० चा आकडा नुसता छापण्यापुरता होता आणि मशीन पहिल्या दिवसापासून टोकावर चालत होतं. त्यात उष्णता. कंडेन्सरच्या आत ओलसर रसायन असतं, ते गरमीने सुकत जातं. ढोबळ हिशोब असा की दर १० अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे मशीनची यादी उलटीकडून लिहिली जाते. गिऱ्हाईक आल्या आल्या ग्राफिक कार्ड विचारतं. आम्ही आधी एसएमपीएस, मदरबोर्ड आणि कॅबिनेट लिहितो. कारण साधं आहे: ग्राफिक कार्ड चार वर्षांनी बदलणारच, या तीन वस्तू बदलायची वेळ येऊ नये. एसएमपीएस १०५ अंशांच्या कंडेन्सरचा, किमान ८० प्लस ब्राँझ, पाच वर्षांच्या वॉरंटीचा आणि आजच्या गरजेपेक्षा दीडपट ताकदीचा. मात्र ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही. म्हणून १२ व्होल्टचे अँपिअर वाचल्याशिवाय आम्ही एकही डबा दुकानात घेत नाही.

हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. २०१८ च्या दिवाळीआधी उमरेड रोडकडचे एक गुरुजी मुलाला घेऊन आले. मॉनिटर धरून बजेट ४०,०००. मी यादी वाचून दाखवली तर त्यात ग्राफिक कार्डच नाही आणि एसएमपीएस चार हजारांचा. गुरुजी म्हणाले, 'ताई, माह्या पोराले गेम खेळाले मशीन पायजे, अन् तुम्ही त्याले डबा देऊन राहिल्या.' पोरगा तर रडवेला झाला होता.

मी त्यांना चहा देऊन बसवलं आणि कागदावर मांडलं. रायझेन ३ २२००जी या प्रोसेसरच्या आतच कामापुरतं ग्राफिक असतं. ते चालतं रॅमच्या वेगावर, म्हणून ८ जीबीची एक पट्टी न देता ४-४ च्या दोन दिल्या. दोन पट्ट्या योग्य खाचांत असल्या की दोन वाटांनी माहिती जाते आणि अशा ग्राफिकला त्याचा मोठा फायदा होतो. बोर्ड बी४५० चा, रॅमच्या चार खाचांचा. आणि मुख्य मुद्दा सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा. रायझेन बनवणाऱ्या एएमडी कंपनीचं एएम४ सॉकेट तेव्हा नवं होतं आणि ते बरीच वर्षं चालवू असं एएमडीने सांगितलं होतं. इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर २०१७ मध्ये आले तेव्हा पिना त्याच ११५१ होत्या, तरी जुन्या बोर्डांवर ते चालत नव्हते. प्रोसेसर बदलायचा तर बोर्डही बदला. ज्याच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी थोडाच पैसा येतो, त्याच्यासाठी सॉकेटचं आयुष्य प्रोसेसरच्या वेगाइतकंच मोलाचं असतं.

गुरुजींनी विश्वास टाकला. २०१९ मध्ये मुलाने शिकवणीच्या पैशातून आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड घेतलं, ८ जीबीचं. २०२२ च्या दिवाळीत त्याच बोर्डावर रायझेन ५ ५६०० बसवला, रॅम १६ केली. इथे एक गोष्ट अनेकजण चुकतात: आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं, मग नवा बसवायचा. उलटं केलं तर पडद्यावर काहीच येत नाही आणि माणूस घाबरतो. २०२४ मध्ये आरएक्स ६६०० हे कार्ड. ते आधीच्यापेक्षा बरंच वेगवान, आणि वीज मात्र १८५ वॅटच्या जागी १३२. एसएमपीएस तोच, कॅबिनेट तेच, बोर्ड तोच.

कार्ड घेताना आम्ही एक आकडा मुद्दाम तपासतो. कार्ड बोर्डाशी किती लेनने, म्हणजे माहितीच्या किती वाटांनी, बोलतं? आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत. कार्ड बसतं ती खाच पीसीआयई; तिच्या चौथ्या पिढीच्या, पीसीआयई ४ च्या बोर्डावर ते निभतं, पण बी४५० सारख्या पीसीआयई ३ च्या बोर्डावर वेग चांगलाच पडतो. स्वस्त कार्ड जुन्या बोर्डासाठीच घेतलं जातं, म्हणून हे सांगणं आमचं काम आहे.

आता उन्हाळ्याबद्दल, कारण नागपुरात मशीन जोडणाऱ्याचा खरा पेपर तोच असतो. परीक्षण करणारे एसीच्या खोलीत, बावीस-तेवीस अंशांत कार्ड तपासतात आणि ७० अंशांचा आकडा देतात. आपल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ४० असतात. हवा जेवढी गरम, तेवढं कार्डही वर सरकतं, म्हणजे ८७-८८ कडे. मग कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि पंखे किंचाळायला लागतात. म्हणून काचेचा बंद दर्शनी भाग असलेली कॅबिनेट आम्ही ठेवत नाही, कितीही सुंदर दिसली तरी. पुढे जाळी, जाळीमागे धुता येणारं फिल्टर, दोन पंखे हवा आत घेणारे आणि एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही.

आणि कूलर! माणसाला गार वाटतं म्हणून मशीनही कूलरसमोर ठेवतात. कूलरची हवा गार असते तशी दमटही असते, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार तुषारांसोबत येतात. अशी मशीन उघडली की पंख्यांवर पांढरी पूड आणि बोर्डाच्या टोकांवर हिरवट गंज सापडतो. कूलर खिडकीत असेल तर मशीन त्याच्या झोतापासून बाजूला हवं. शिवाय कूलरची मोटर आणि मशीन एकाच एक्स्टेन्शनवर नको; मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट वेगळे असतात, तेही पाहा. आमच्याकडचा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटचाच आहे.

कोविडनंतरची दोन वर्षं सगळ्यात कठीण गेली. २०२१ मध्ये ग्राफिक कार्डं मिळत नव्हती; मिळाली तर छापील किमतीच्या दुप्पट. त्यात कमिशन चांगलं होतं आणि घेणारेही होते. आम्ही बहुतेकांना थांबायला सांगितलं, आतल्या ग्राफिकवर मशीन चालू करून दिली आणि दुकान लॅपटॉपच्या दुरुस्तीवर चालवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक कार्डं चालवून ते चलन कमावणं, बंद झालं आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. ती आम्ही घेतली, पण प्रत्येक कार्ड उघडून, चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलून, दोन तास पूर्ण भारावर चालवून. दर दहात दोन-तीन परत केली. जी विकली त्यांच्या बिलावर 'वापरलेले' असं स्पष्ट लिहिलं.

हल्ली नवीन मशीनसाठी एएम४ नंतरचं एएम५ सुचवते, २०२७ आणि त्यापुढेही ते सॉकेट चालवणार असं एएमडीने सांगितलंय म्हणून. पण त्याला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅमच लागते, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की यादी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी होते. ज्याच्याकडे एएम४ चं चांगलं बोर्ड आहे त्याला मी ते सोडू देत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा पहिल्या पिढीच्या रायझेनची बरीच मशीन आली. ती भंगारात न जाता प्रोसेसर बदलून आणि टीपीएम ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय चालू करून विंडोज ११ वर गेली.

आमच्याकडे एक रजिस्टर आहे, बाबांच्या टीव्हीच्या जॉबकार्डांसारखं. प्रत्येक मशीनचं एक पान: बोर्ड, बायोस, एसएमपीएसची तारीख, किती खाचा रिकाम्या, पुढे काय बसू शकेल. मार्च लागला की ते काढून फोन लावतो, 'ऊन तापायच्या आधी मशीन झाडून घ्या.' गुरुजींचा मुलगा आता मिहानमध्ये नोकरीला आहे. यंदा तो मशीन घेऊन आला तेव्हा बाबांनी स्वतः एसएमपीएस मीटरवर लावून पाहिला. भार दिल्यावर १२.०३ व्होल्ट. त्यांनी चष्मा काढला, पानावर तारीख घातली आणि त्याला म्हणाले, 'अजून दोन उन्हाळे जाईन. मग मात्र बदलून घेजो.'