न्यूयॉर्कमध्ये चिनी जेवणासाठी खोली कुठे घ्यावी

न्यूयॉर्कला जाणारे बहुतेकजण टाइम्स स्क्वेअरच्या आसपास हॉटेल शोधतात. प्रवासाचं मुख्य कारण चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण असेल, तर मी आधी दुपारचं जेवण हिशोबातून काढून टाकतो. दुपारी माणूस शहरात कुठेही असतो आणि भूक लागेल तिथे खातो. खोलीशी बांधलेली खाणी दोनच: सकाळचा नाश्ता आणि दिवसभर चालून पाय भरून आल्यावरचं रात्रीचं जेवण. ही दोन्ही जिथे पायी दहा मिनिटांत मिळतील, तिथे खोली.

हा नियम लावला की शहरातले तीन भाग उरतात: मॅनहॅटनचं जुनं चायनाटाऊन, ब्रुकलिनमधलं सनसेट पार्क आणि क्वीन्समधलं फ्लशिंग. तिघांचा नाश्ता वेगळा, कारण तिथे येऊन वसलेली माणसं वेगळ्या प्रांतांतली.

चायनाटाऊन मुळात कँटनी, म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या लोकांचं. सकाळी तांदळाची पेज, वाफवलेल्या तांदळाच्या मऊ गुंडाळ्या, डिम सम (चहाबरोबर खायचे छोटे छोटे पदार्थ). डॉयर्स स्ट्रीटवरचं नॉम वा हे डिम समचं दुकान १९२० पासूनचं आहे. पूर्वेला ईस्ट ब्रॉडवेकडे सरकलं की फूजियानी वस्ती सुरू होते. तिथे शेंगदाण्याच्या दाट सॉसमधल्या नूडल्स आणि आत डुकराच्या मांसाचं सारण असलेले माशांचे गोळे मिळतात. दिवसभर मॅनहॅटनमध्येच फिरायचं असेल तर हा भाग सोयीचा, कारण कॅनाल स्ट्रीट आणि ग्रँड स्ट्रीट या स्टेशनांवरून बहुतेक दिशांना गाड्या आहेत. अडचण रात्रीची. भाजलेलं बदक आणि 'चार सिउ' (गोडसर भाजलेलं डुकराचं मांस) टांगून विकणारी दुकानं लवकर आवरतात, आणि संध्याकाळपर्यंत चांगले तुकडे संपलेले असतात. खोली घेताना मॅनहॅटन ब्रिजकडे तोंड नको. त्या पुलावरून बी, डी, एन आणि क्यू अशा चार मार्गांच्या गाड्या धडधडत जातात, आणि दुहेरी काचही तो आवाज पूर्ण थोपवत नाही.

सनसेट पार्कबद्दल थोडक्यात. खाणं आठव्या अव्हेन्यूवर, स्वस्त हॉटेलं मात्र बहुतेक खाली, तिसऱ्या-चौथ्या अव्हेन्यूच्या बाजूला, गोदामं आणि उन्नत महामार्गाजवळ. मधे चार लांब ब्लॉक आणि चढ. डिम समसाठी एक सकाळ जाऊन यावं, मुक्काम करू नये.

आता फ्लशिंग. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच सांगतो, कारण एवढ्या कमी पावलांत इतके प्रांत शहरात दुसरीकडे नाहीत. सिचुआन, शान्शी, लान्झोउच्या हाताने ओढलेल्या नूडल्स, ईशान्येकडचं दोंगबेई जेवण, तैवानी नाश्ता, शांघायचे रस्सा भरलेले मोदकासारखे शाओलोंगबाओ. यातलं बरंचसं मेन स्ट्रीट आणि रूझवेल्ट अव्हेन्यूच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. न्यू वर्ल्ड मॉलच्या तळघरातलं फूड कोर्ट याच चौकाजवळ आहे. प्रिन्स स्ट्रीट, ३९वा अव्हेन्यू आणि अरुंद ४०वा रोड या गल्ल्या हॉटेल शोधताना डोक्यात ठेवा.

फसगत होते ती हॉटेलांच्या नावांत. 'लाग्वार्डिया' हे जवळच्या विमानतळाचं नाव लावणारी सगळी हॉटेलं एका जागी नाहीत. ईस्ट एल्महर्स्टमध्ये डिटमार्स बुलेव्हार्डवरची हॉटेलं विमानतळासमोर आहेत. तिथून फ्लशिंगला चालत जाता येत नाही, मधे महामार्ग आणि खाडी. उलट नावात 'लाग्वार्डिया ईस्ट' असलेलं हॉटेल प्रत्यक्षात फ्लशिंगच्या मध्यावर असू शकतं. कॉलेज पॉइंट बुलेव्हार्डच्या पलीकडच्या हॉटेलांचा पत्ताही फ्लशिंगचाच असतो, पण रात्री जेवून परतताना रस्ता निर्जन. नॉर्दर्न बुलेव्हार्डने पूर्वेला गेलात तर कोरियन वस्ती लागते. तिथलं खाणं उत्तमच, पण आपला शोध वेगळा आहे. म्हणून नाव वाचू नका. पत्ता नकाशात टाका आणि मेन स्ट्रीट स्टेशनपर्यंतचं चालण्याचं अंतर बघा. ८०० मीटरपेक्षा जास्त असेल तर पुढचं हॉटेल.

भाड्याचा आकडा तसाच धरू नका. शहरात खोलीवर एकूण १४.७५ टक्के कर आणि वर दर रात्री ३.५० डॉलर लागतात. २०० डॉलरची खोली अशी २३३ ला पडते. ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला शेजारच्या पार्कात यूएस ओपन टेनिस असतं, तेव्हा भाडी चढतात. स्वस्तात भाड्याचं घर बघू म्हणाल तर सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक आहेत. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घराची नोंदणी लागते, यजमान घरातच राहायला हवा आणि पाहुणे दोनच. या अटींत न बसणारी जाहिरात दिसली तर सोडून द्या.

खोली कुठल्या बाजूची, हेही आरक्षणानंतर लगेच कळवून ठेवावं. सबवेची ७ नंबरची गाडी मेन स्ट्रीटला जमिनीखाली थांबते, त्यामुळे तिचा त्रास नाही. लाँग आयलंड रेल रोड या उपनगरी रेल्वेचे रूळ मात्र उंचावरून जातात. त्याहून मोठा आवाज विमानांचा, कारण लाग्वार्डिया अगदी जवळ. याला उपाय नाही, कानात बोळे घाला. खालच्या मजल्यावर आणखी एक गोष्ट होते: खाली खानावळ असेल तर मिरचीच्या फोडणीचा ठसका धुराड्यातून वर येतो. मी वरचा मजला मागतो आणि फ्रिज खोलीत आहे का, ते विचारतो. मायक्रोवेव्ह खोलीत नसला तरी कधी कधी लॉबीत असतो.

फ्लशिंगहून मॅनहॅटन लांब पडतं, ही तक्रार खरी आहे. टाइम्स स्क्वेअरला ७ नंबरने साधारण ४० मिनिटं. जलद गाडी कामाच्या दिवशी, सकाळी मॅनहॅटनकडे आणि दुपारनंतर फ्लशिंगकडे, म्हणजे पर्यटकाच्या दिशेनेच धावते. शनिवार-रविवारी या मार्गावर दुरुस्ती वारंवार निघते. अशा वेळी लाँग आयलंड रेल रोड धरावी. मॅनहॅटनमधलं पेन स्टेशन २० मिनिटांच्या आसपास, आणि २०२३ पासून ग्रँड सेंट्रललाही थेट गाडी आहे. तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं.

हॉटेल ठरवण्याआधी आजूबाजूच्या खानावळी तपासायच्या त्या अशा. नकाशात 'चायनीज' असं टाकू नका, पदार्थाचं नाव टाका. ल्यांगपी (थंड नूडल्स) किंवा बियांगबियांग (रुंद पट्ट्यांच्या) नूडल्स टाकलं की शान्शीची दुकानं दिसतील. ग्वोबाओरो (तळलेलं आंबट-गोड डुकराचं मांस) टाकलं की दोंगबेई, ग्वोच्याओ मीश्यान (रश्शातल्या तांदळाच्या नूडल्स) टाकलं की युन्नान. मग ग्राहकांनी काढलेले फोटो बघा. वीस फोटोंत तेच तीन-चार पदार्थ पुन्हा पुन्हा दिसले तर स्वयंपाकी एका प्रांताचा आहे. एकाच मेन्यूत अमेरिकी-चिनी जनरल त्सो चिकन, जपानी सुशी आणि थाई पॅड थाय दिसलं तर पुढे चला. दारावरचं ए, बी, सी हे अक्षर महापालिकेच्या स्वच्छता तपासणीची श्रेणी आहे. चवीशी त्याचा संबंध नाही.

किती माणसं आहात, यावरही बरंच ठरतं. सिचुआन आणि दोंगबेई खानावळींत ताटं तीन-चार जणांच्या मापाची येतात. दोघांनी अख्खा मासा आणि मापो तोफू (तिखट रश्शातलं सोयाबीनचं पनीर) मागवलं की निम्मं उरतं. दोघांसाठी फूड कोर्ट आणि नूडल्सची दुकानं बरी, चौघांसाठी टेबलावरची खानावळ. बिलावर ८.८७५ टक्के विक्रीकर आणि वर टिप १८ ते २० टक्के धरा. फूड कोर्टात टिपेची सक्ती नसते, पण काही गाळ्यांवर रोखच चालते.

शाकाहाऱ्यांसाठी चार गोष्टी. मापो तोफूत मांसाचा खिमा असतो, फोडणीच्या कोरड्या फरसबीतही बहुधा असतो. 'मासळीच्या वासाचं' वांगं, म्हणजे युश्यांग, यात मासळी नसते, पण खिमा असू शकतो. हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस पडतो. ल्यांगपी, आंबट-तिखट किसलेले बटाटे आणि दोंगबेईचं दीसान्श्यान (बटाटा, वांगं, ढोबळी मिरची) ही त्यातल्या त्यात सुरक्षित नावं, तरी सॉस आणि रश्शाबद्दल विचारायचंच. बौद्ध शाकाहारी खानावळीत परंपरेने कांदा-लसूणही नसतो, जैन मंडळींना ते सोयीचं. आणि अगदीच कंटाळा आला तर बाऊन स्ट्रीटवरचं गणेश मंदिर फ्लशिंगमध्येच आहे, १९७७ सालचं. त्याच्या तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा मिळतो.

उरलेलं खोलीवर नेताना सगळं सारखं टिकत नाही. हाताने ओढलेल्या नूडल्स रश्शात दहा मिनिटांत फुगून लगदा होतात, म्हणून रस्सा वेगळा बांधायला सांगा. शाओलोंगबाओतला रस्सा म्हणजे डुकराच्या कातडीची घट्ट खळ, वाफेवर वितळलेली. गार झाली की पुन्हा गोठते आणि पारी चिकटून फाटते. ते तिथेच खावेत. सिचुआन पदार्थ मात्र दुसऱ्या दिवशी मुरतात. हॉट पॉट (टेबलावर उकळत्या रश्शात शिजवून खायचं जेवण) खाल्लं तर अंगावरचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. हॉटेलच्या खिडक्या जेमतेम चार बोटं उघडतात, आणि तो मसाल्याचा वास सकाळी सामान भरताना बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना लागतो.