इझ्यूमजवळचा एक फोटो

पोलंडमध्ये, क्राकूव्हच्या गोदामात युक्रेनसाठी मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग उपसताना उंच टाचांचे सोनेरी सँडल सापडले, तेव्हाच डोकं फिरलं होतं. जानेवारी २०२३. युक्रेनमध्ये बर्फ, ऑक्टोबरपासून वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडतायत, आणि कुणीतरी पुण्य म्हणून पार्टीचे सँडल देतंय! ते बाजूला टाकले आणि व्हॅनमध्ये कामाचं भरलं: लाकडावर चालणाऱ्या लोखंडी शेगड्या, फुटलेल्या खिडक्यांवर ठोकायला फळ्या आणि जाड प्लास्टिक, दोन जनरेटर, मोठ्या माणसांचे डायपर.

सोबत साठी उलटलेले एक निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांच्या पिढीला पोलंडच्या शाळेत रशियन सक्तीचं होतं. "आयुष्यभर शिव्या घातल्या त्या भाषेला, आता ती कामाला येते," म्हणाले. मी मूळचा कोल्हापूरचा म्हटल्यावर त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून माझ्या हातात दिला. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले होते, हे त्यांना ठाऊक होतं. मला, त्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या माणसाला, ते पोलंडला आल्यावर कळलं.

सीमेवर सहा तास गेले. चूक माझीच, सामानाच्या यादीत डायपरच्या खोक्यांचा आकडा चुकीचा टाकला होता. ल्विव्ह, कीव्ह, पोल्टावा हे सगळं काचेवरच्या वायपरमागून पाहिलं. खार्किव्हला पोचलो तेव्हा रस्त्यावर दिवे नाहीत आणि माझ्या पाठीचा पार भुगा. त्या रात्री भोंगा वाजला. मी तळघरात पळालो, ड्रायव्हर आजोबा घोरत होते.

दुसऱ्या दिवशी इझ्यूमकडे, सव्वाशे किलोमीटर. हा भाग साधारण पाच महिने रशियाच्या ताब्यात होता, सप्टेंबर २०२२ मध्ये सुटला. रस्त्याकडेला कवटी काढलेल्या लाल पाट्या, सुरुंगांच्या. नियम एकच: डांबर सोडायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. मधुमेही माणसाने या रस्त्याला जाऊ नये, एवढाच माझा सल्ला. मी स्वतः मधुमेही आहे.

गावात एका म्हातारीकडे शेगडी उतरवायची होती. घराचा अर्धा भाग पडलेला, उरलेल्या एका खोलीत ती आणि तिची मांजर. शेगडी बसवली, धुराड्याचा पाइप खिडकीच्या फळीतून बाहेर काढला, चुलीला पहिला जाळ लागला. इथवर सगळं छान चाललं होतं.

मग फोटो. ज्या संस्थेची गाडी होती तिचा आग्रह असा, की प्रत्येक वस्तूसोबत घेणाऱ्याचा फोटो हवा, आणि वस्तूवरचं स्टिकर दिसलं पाहिजे. २०१९ च्या महापुरात आमच्याकडे धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवले होते, त्यावरून मी पोलंडमध्ये बसून केवढा संतापलो होतो! आईला म्हणालो होतो, असली पिशवी घेऊ नकोस. "तांदूळ चांगला हाय," ती म्हणाली आणि घेतली. आता मोबाइल माझ्या हातात होता.

आजोबांनी खाली मान घालून तिला विचारलं. तिने एक बोट वर केलं, थांबा. आत जाऊन गाठोडं सोडलं. कंगव्याचा आवाज. बाहेर आली तेव्हा डोक्याला लाल फुलांचा रुमाल, ओठ घट्ट मिटलेले, लग्नातल्या ग्रुप फोटोत आमच्या आत्या उभ्या राहतात तशी. शेगडीशेजारी ताठ उभी राहिली. मी दोन फोटो काढले. एकात स्टिकर आलं, एकात नाही.

मला वाटलं, झालं. तर ती विचारते, "सिनोक, मला कधी मिळणार?" सिनोक म्हणजे बाळा. मला कळेना, अजून काय द्यायचं राहिलं? आजोबांनी समजावलं: घराच्या पडलेल्या भागात कपाट होतं, त्यात सगळे अल्बम. नवऱ्याचा, लेकीचा, तिचा स्वतःचा, एकही फोटो उरलेला नाही.

निघताना तिने लोणच्यातल्या टोमॅटोंची बरणी दिली. मी नको-नको करायला लागलो, तर आजोबांनी पोलिशमध्ये असं काही झापलं की मुकाट्याने मांडीवर घेतली. पोल्टावापर्यंत ती बरणी धरून बसलो.

मार्चमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा प्रिंट नेली. जाड कागदावर, मोठी, स्टिकर नसलेली. तिने ती खिडकीजवळ उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, रुमाल वाकडा झालाय, सांगायचं नाही का?

संस्थेला मात्र मी स्टिकरवालाच पाठवला होता.